बॅलिटोरचं दप्तर



आयर्लंडातल्या एका खेड्यावर तासभर बोलण्यासारखं काय असणार, असं विषय कळवल्यावर मला विचारलं गेलं. प्रश्न रास्त होता. बॅलिटोरला किल्ला नाही, राजवाडा नाही, कुठल्या साधुसंताची समाधी नाही. डब्लिनच्या नैर्ऋत्येला साधारण ५० किलोमीटरवर, किल्डेअर परगण्यात, ग्रीझ नावाच्या लहानशा नदीकाठचं हे गाव. वस्ती काही शेकड्यांची. तरीही अठराव्या शतकातल्या आयर्लंडचा अभ्यास करणाऱ्याला या गावाकडे यावंच लागतं. शिवाय आपल्या राघोबादादांच्या वकिलाशीही या गावाचा दूरचा एक धागा जुळतो. तो पुढे सांगेन.

गाव वसवलं क्वेकरांनी. या पंथाची थोडी ओळख करून द्यायला हवी, नाहीतर पुढचं काही उलगडणार नाही. सतराव्या शतकाच्या मध्यात, इंग्लंडमध्ये राजा आणि संसद एकमेकांच्या जिवावर उठले होते त्या धामधुमीत, जॉर्ज फॉक्स नावाच्या माणसाभोवती हा पंथ उभा राहिला. त्यांच्यात पुरोहित नाही, मूर्ती नाही, ठरलेली प्रार्थनाही नाही. सगळे एका साध्या खोलीत गप्प बसतात. कुणाला आतून काही बोलावंसं वाटलं तर तो उठून बोलतो, आणि इथे ‘तो’मध्ये ‘ती’सुद्धा आली. क्वेकर शस्त्र धरत नाहीत. शपथ घेत नाहीत, कारण माणसाने एरवीही खरंच बोलायचं असतं. कुणाहीपुढे टोपी काढत नाहीत. सरकारमान्य चर्चसाठी वसूल होणारा दशांश कर ते देत नसत, म्हणून वसुलीवाले येऊन त्यांच्या घरातलं धान्य नाहीतर गोठ्यातलं जनावर उचलून नेत. क्वेकर अडवत नसत आणि पैसेही भरत नसत. नेलेल्या वस्तूची किंमत मात्र वहीत टिपून ठेवत. ही नोंदी ठेवायची सवय ध्यानात असू द्या.

आयर्लंडात त्यांची पहिली सभा १६५४ मध्ये उत्तरेकडच्या लर्गन गावी भरली. ती भरवणारा विल्यम एडमंडसन पूर्वी संसदेच्या बाजूने लढणाऱ्या क्रॉमवेलच्या फौजेत शिपाई होता. शपथ घेत नाहीत म्हणून या मंडळींना सरकारी पदं बंद होती. मग राहिलं काय? शेती, गिरण्या आणि व्यापार. जॉन बारक्रॉफ्ट आणि एबल स्ट्रेटल या दोघांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस ग्रीझच्या खोऱ्यात जमिनी घेतल्या, झाडं लावली, कुंपणं घातली आणि आखून गाव उभं केलं. नदीचं पाणी होतंच, त्यावर गिरण्या चालू झाल्या.

गावाचं नाव झालं ते शाळेमुळे. एब्राहम शॅकल्टन हा यॉर्कशरचा माणूस. विशीत आल्यावर तो स्वतःच्या हिमतीवर लॅटिन शिकला, श्रीमंत क्वेकर कुटुंबांतल्या मुलांना शिकवायला म्हणून आयर्लंडात आला, आणि १ मार्च १७२६ ला त्याने बॅलिटोरमध्ये निवासी शाळा उघडली. त्या काळचा आयर्लंड डोळ्यांपुढे आणा. बहुसंख्य प्रजा कॅथलिक, आणि कायद्याने कॅथलिकांना शाळा चालवता येत नव्हती, मुलाला शिकायला परदेशी धाडता येत नव्हतं, जमीन विकत घेता येत नव्हती. अशा देशात या शाळेच्या बाकावर क्वेकर, सरकारी चर्चचे प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक घरांतली मुलं शेजारी शेजारी बसून लॅटिन आणि ग्रीक शिकत होती. कुणाचा धर्म बदलण्याच्या खटपटीत मास्तर पडत नसत. शाळेच्या पटावर सगळी वर्षं मिळून हजारावर मुलांची नावं चढली.

त्यांतलं एक नाव एडमंड बर्क. बाप डब्लिनचा प्रॉटेस्टंट वकील, आई कॉर्कच्या नेगल घराण्यातली कॅथलिक. पोरगा प्रकृतीने नाजूक. १७४१ मध्ये आपल्या दोन भावांबरोबर तो बॅलिटोरला आला आणि १७४४ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात गेला. तीन वर्षांचाच मुक्काम, पण मास्तरांचा मुलगा रिचर्ड शॅकल्टन त्याचा जन्माचा मित्र झाला. कॉलेजातून बर्क त्याला लांबलचक पत्रं लिहायचा. कविता, अभ्यास, धर्मावरच्या शंका, सगळं त्या पत्रांत आहे. बर्कच्या तरुणपणाबद्दल चरित्रकारांना जे माहीत आहे, त्यातलं बरंचसं रिचर्डने जपून ठेवलेल्या या पत्रांतून आलेलं आहे.

या मैत्रीत एक गाठही बसली होती. १७६६ मध्ये कुणीतरी विचारलं म्हणून रिचर्डने भाबडेपणाने बर्कची थोडक्यात हकिकत लिहून दिली. आई कॅथलिक, बायकोचं घरही कॅथलिक, असं सगळं त्यात होतं. १७७० मध्ये ती हकिकत लंडनच्या एका वर्तमानपत्रात छापून आली. बर्क तेव्हा संसदेत होता, आणि छुपा कॅथलिक म्हणून त्याच्यावर आधीच चिखलफेक चाललेली. तो संतापला, मित्राला त्याने कडक पत्र लिहिलं. रिचर्ड खचून गेला. मग बर्कनेच पुन्हा पत्र लिहून मन मोकळं केलं. पुढे २२ वर्षं, रिचर्ड जाईपर्यंत, हा स्नेह टिकला. एक जण साम्राज्याच्या राजकारणातला, दुसरा खेड्यातला शाळामास्तर.

आता आपला धागा. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला, पुढच्या भाऊबंदकीत राघोबादादा इंग्रजांच्या वळचणीला गेले, हे तुम्हाला मी सांगायला नको. १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांची नाचक्की झाली, तरी दादांची आशा सुटली नव्हती. त्यांनी आपली माणसं थेट लंडनला पाठवली. हणमंतराव नावाचा ब्राह्मण वकील आणि त्याच्याबरोबर मणियार हे पारशी बापलेक. १७८१ मध्ये ही मंडळी लंडनात होती आणि त्यांची आबाळ चालली होती. ईस्ट इंडिया कंपनीला त्यांच्यात रस नव्हता. राहायची सोय धड नाही, आचारधर्माप्रमाणे स्वयंपाक करावा तर जागा नाही. बर्कला हे कळलं तेव्हा त्याने त्यांना बीकन्सफील्डच्या आपल्या घरी नेलं आणि बागेतलं काचघर त्यांच्या हवाली केलं. तिथे हणमंतरावांनी आपल्या रीतीने स्नानसंध्या करावी, आपल्या हातांनी शिजवून खावं, पारशांनी त्यांच्या रीतीने. बर्कने पुढे दादांना पत्रही लिहिलं.

ही सगळी मंडळी मागत काय होती? तर दादांना गादी मिळवून द्यायला इंग्रजी फौज. त्यांच्या कामाबद्दल मला काडीची सहानुभूती नाही, आणि बर्कही राजकारणात भाबडा नव्हता. मला त्या काचघरात रस आहे. परधर्माचा पाहुणा घरी आला तर त्याला आपल्या पंगतीला न ओढता, त्याचं त्याला करू द्यायचं. ही रीत लंडनच्या दिवाणखान्यांत शिकायला मिळत नव्हती. बॅलिटोरला ती रोजच्या व्यवहारातली होती. शाळेनेच बर्क घडवला असा दावा त्या गावची अभिमानी माणसं करतात. तेवढं मी म्हणणार नाही. आईकडचं कॅथलिक आजोळ आणि कॉर्कच्या खेड्यातलं लहानपण यांचाही त्यात वाटा आहे. पण काचघराची गोष्ट वाचताना शॅकल्टन मास्तरांची शाळा मला आठवल्यावाचून राहत नाही.

दोन वर्षांनी, १ डिसेंबर १७८३ रोजी, संसदेत भारतविषयक विधेयकावर बोलताना बर्कने कंपनीने कुणाकुणाला विकलं याची जंत्रीच वाचली. त्यात दिल्लीचा बादशहा होता, रोहिले होते, राघोबा होते, पेशवे होते, नागपूरकर भोसले आणि शिंदेही होते. सालबाईचा तह होऊन तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालं होतं. कंपनीचा गव्हर्नर जनरल राहिलेल्या वॉरन हेस्टिंग्जवर बर्कने चालवलेला महाभियोग १७८८ मध्ये सुरू झाला, सात वर्षं रखडला आणि १७९५ मध्ये हेस्टिंग्ज निर्दोष सुटला.

गावात आज येणाऱ्या पाहुण्याला बर्कचं नाव आधी सांगितलं जातं. मग ध्रुवप्रवासी अर्नेस्ट शॅकल्टनचं, कारण तो एब्राहम मास्तरांचा वंशज, जन्म १८७४, जवळच्याच किल्कीचा. दोघेही मोठे. पण खरं पाहता एक तिथे तीन वर्षं शिकला आणि दुसरा त्या गावात जन्मलाही नाही. मला ज्या व्यक्तीबद्दल बोलायचं आहे तिने बहुतेक सगळा जन्म बॅलिटोरमध्ये काढला. तिचं नाव मेरी लेडबीटर.

मेरी रिचर्ड शॅकल्टनची मुलगी, जन्म १७५८. अकराव्या वर्षी, १७६९ मध्ये, तिने रोजनिशी लिहायला घेतली आणि १८२६ मध्ये मरेपर्यंत सोडली नाही. १७९१ मध्ये विल्यम लेडबीटरशी लग्न झालं, मुलं झाली, घर सांभाळलं, आणि गावचं टपालही तिच्याकडे आलं. खेड्यातल्या टपालघराचं महत्त्व आपल्याला वेगळं सांगायला नको. कुणाला कुठून पत्र आलं, कुणाचा मुलगा अमेरिकेला गेला, कुणाकडून वर्षभर खुशाली नाही, हे सगळं त्या खिडकीत आपसूक कळतं. त्यात ती क्वेकर, म्हणजे नोंद अंगवळणी पडलेली, आणि बाई असूनही सभेत बोलायचा हक्क असलेली.

१७८४ मध्ये ती वडिलांबरोबर इंग्लंडला गेली, बर्कच्या घरी राहिली. तिथेच तिला जॉर्ज क्रॅब हा कवी भेटला. या क्रॅबला तिने तीसएक वर्षांनी आपणहून पत्र लिहिलं आणि म्हातारपणी दोघांचा छान पत्रव्यवहार चालला. तिने कविताही केल्या; १८०८ चा तिचा संग्रह आहे. त्या कविता मला फारशा रुचत नाहीत, त्या काळच्या ठरीव साच्यातल्या आहेत. १८११ मध्ये तिने आयरिश खेडुतांचे संवाद छापले. एक काटकसरी बाई आणि एक उधळी बाई यांच्या बोलण्यातून घर कसं चालवावं हे त्यात सांगितलं आहे. मारिया एजवर्थ या नामांकित कादंबरीकर्तीने त्याला प्रस्तावना लिहिली. पुस्तक लोकप्रिय झालं. आज वाचलं तर त्यातली उपदेशाची मात्रा जरा जास्तच वाटते.

तिचं मोठं काम म्हणजे बॅलिटोरची बखर. १७६६ पासून १८२४ पर्यंतची, वर्षावर्षाने रचलेली. गावात कोण आलं, कोण गेलं, कुठल्या मुलीने पंथाबाहेर लग्न केलं म्हणून सभेने तिला वगळलं, कुणाची गिरणी बुडाली, असं सगळं तिच्यात येतं. वाचता वाचता आपण गावातल्या माणसांना नावानिशी ओळखू लागतो. आणि मग १७९८ साल उजाडतं.

फ्रेंच क्रांतीचं वारं लागलेल्या संयुक्त आयरिश संघटनेने उठावाची तयारी चालवली होती. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट दोघांनाही एकत्र घेऊन इंग्लंडपासून वेगळं व्हायचं हा तिचा विचार. सरकारने शस्त्रं शोधण्यासाठी किल्डेअरच्या खेड्यांत फौज घुसवली. सैनिक लोकांच्या घरांत उतरत, त्यांचंच खात. जवळच्या अथाय गावात संशयितांना तिकाटण्याला बांधून फटके मारले जात होते. आयरिश क्वेकरांच्या सभेने आपल्या माणसांना सांगितलं की घरात शिकारीची बंदूक असेल तर तीही मोडून टाका. कुठल्याच बाजूला ती आपल्या घरातून मिळता कामा नये. हा निर्णय उठावाच्या आधी झाला, हे महत्त्वाचं. नंतर घेतला असता तर त्याला भीती म्हणता आलं असतं.

२४ मे रोजी बंडखोरांनी बॅलिटोर ताब्यात घेतलं. मेरी त्यांना ओळखत होती. शेजारपाजारचे, शाळेत काम केलेले, तिच्या दाराशी येऊन गेलेले लोक. भाले घेऊन आले, खायला मागितलं, तिने दिलं. जखमी होते, त्यांची शुश्रूषा झाली. हाती सापडलेल्या एका तरुण कैद्याला बंडखोरांनी ठार केलं. ते तिने लिहिलं. त्यांच्यातल्याच काहींनी दुसऱ्या कैद्यांचे जीव वाचवण्यासाठी धडपड केली, तेही लिहिलं. तिला बंडखोरांच्या बाजूची म्हणता येत नाही आणि सरकारच्या बाजूचीही म्हणता येत नाही, म्हणून त्या उठावावर लिहिणारे दोन्ही पंथांचे इतिहासकार तिच्या पानांवर विसंबतात.

काही दिवसांत शरणागतीची बोलणी अर्धवट राहिली आणि फौज गावात शिरली. घरं पेटली. ज्यांनी भाला हातातही धरला नव्हता अशी माणसं दारात मारली गेली. गावचा डॉक्टर फ्रान्सिस जॉन्सन याला सैनिकांनी ठार केलं. मेरीच्या घरचा हा परिचित माणूस, गावातल्या प्रत्येक घरात औषध देऊन आलेला. तिच्या घरातही सैनिक घुसले. मुलं घाबरून तिला बिलगलेली, आणि ती त्यांना दूध-भाकर काढून देत होती. काल बंडखोरांना दिलं तसंच.

या प्रकरणातलं एक वाक्य मी कधी विसरणार नाही, आणि ते रणधुमाळीचं नाहीच. ती नोंदवते की पुढे कित्येक महिने आयर्लंडात तयार झालेल्या बेकनला, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाला, गिऱ्हाईक मिळत नव्हतं. डुकरं काय खाऊन पोसली असतील याची लोकांना शंका होती, आणि शंका खरी होती. सरकारी कागदांत त्या उन्हाळ्यातल्या मेलेल्यांचे आकडे सापडतील. खाटकाच्या दुकानातली ही ओळ स्वयंपाकघर चालवणाऱ्या बाईनेच लिहावी.

त्याच वर्षी तिची चार वर्षांची लेक जेन कपड्यांना आग लागून भाजून गेली. बखरीत तेही आहे, गावातल्या बाकीच्या मृत्यूंच्या ओळीत. उठाव मोडल्यावर शांतता आली असं आपण धरून चालतो. मेरीची पानं वेगळं सांगतात. पुढची दोनतीन वर्षं रात्रीचे दरोडे चालू होते, घरोघर दारांना आडणे घालून लोक जागे राहत. शस्त्रं मोडून टाकलेल्या क्वेकरांची घरं लुटायला सोपी होती. मला स्वतःला हा भाग उठावाच्या वर्णनाहूनही मोलाचा वाटतो, कारण असल्या काळाबद्दल कुणी लिहीत नाही.

शाळेचं पुढे काय झालं? रिचर्डनंतर १७७९ मध्ये त्याच्या मुलाने, धाकट्या एब्राहमने, ती हाती घेतली. तो बापाहून कडवा क्वेकर. होमर आणि व्हर्जिल यांत युद्धाचे गोडवे गायलेत, ते मुलांना शिकवणं आपल्या मनाला पटत नाही, असं त्याने ठरवलं. तत्त्वाला धरून होतं, पण कॉलेजात जायचं तर हेच ग्रंथ लागत. पालकांनी मुलं काढून घेतली. शाळा बंद पडली, मग मेरीच्या नात्यातल्या जेम्स व्हाइटने १८०६ मध्ये पुन्हा उघडली आणि १८३६ मध्ये ती कायमची मिटली.

या दुसऱ्या डावातला एक विद्यार्थी पॉल कलन. जन्म १८०३, गावाशेजारचाच, कॅथलिक शेतकरी घरातला. उठावात त्याच्या घरच्यांना बरंच सोसावं लागलेलं. तो पुढे डब्लिनचा आर्चबिशप झाला, आणि १८६६ मध्ये आयर्लंडातला पहिला कार्डिनल. १८५० मध्ये थर्ल्सला त्याने धर्मसभा भरवली. सरकारने सर्व पंथांच्या मुलांसाठी काढलेल्या क्वीन्स कॉलेजांचा त्या सभेने निषेध केला आणि कॅथलिकांनी तिकडे जाऊ नये असं बजावलं. क्वेकर मास्तराच्या शाळेत अक्षरं गिरवलेल्या माणसाने मिश्र शिक्षणाला विरोध करावा, याचं नवल वाटतं. पण सरळ कृतघ्न म्हणून त्याला मोडीत काढणं बरोबर नाही. शॅकल्टनांची शाळा एका खेड्यातल्या कुटुंबाची होती, क्वीन्स कॉलेजं होती लंडनच्या सरकारची, आणि त्या सरकारचा हात १७९८ मध्ये त्याच्या घरच्यांनी अनुभवला होता. बॅलिटोरचा वारसा म्हणून बर्कचं नाव घेताना कलनचंही घ्यायला हवं. शाळा एकच, वाटा दोन.

क्वेकर पुढे गावातून ओसरले. कुणी डब्लिनला गेलं, कुणी अमेरिकेला, काही पंथाबाहेर लग्न करून सुटले. जुन्या क्वेकर वास्तूत आज परगण्याचं वाचनालय आणि लहानसं संग्रहालय आहे. गावाबाहेर त्यांची दफनभूमी आहे.

आणि बखर? मेरी वारल्यावर ती ३६ वर्षं हस्तलिखितातच पडून होती. १८६२ मध्ये दोन खंड निघाले. पहिल्या खंडात बॅलिटोरची बखर. दुसऱ्यात बर्कची तोवर न छापलेली पत्रं आणि क्रॅब वगैरे मंडळींचा पत्रव्यवहार. त्या काळी ग्राहक कुठल्या खंडासाठी पैसे मोजत असेल हे ओळखायला फार डोकं लागत नाही. आज मात्र उलट झालं आहे. बर्कची पत्रं त्याच्या समग्र पत्रव्यवहारात नीट संपादून आली, त्यासाठी दुसरा खंड कुणी उघडत नाही. पहिला खंड मात्र आयर्लंडचा सामाजिक इतिहास शिकणाऱ्याला टाळता येत नाही. आणि ती बखरही मेरीने स्वतः निवडून रचलेली. जिच्यातून निवडली त्या रोजनिशीच्या पन्नासहून अधिक वह्या डब्लिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. बखर १८२४ ला थांबते, वह्या १८२६ पर्यंत चालतात. त्यातलं बरंचसं अजून छापलं गेलेलं नाही, आणि वाचायला जाणाऱ्याला ग्रंथपाल त्या आणून देतात.